डावीकडचं स्टेरिंग

माझ्या कमरेला पट्टा लागला आणि घरच्यांच्या डोक्याला ताप झाला. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टर म्हणाले, बसणं कमी करा, वजन उचलू नका, आणि मेडिकल बोर्डासमोर जाईपर्यंत डंपरचं नावही काढू नका. मी राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीत डंपर चालवायचो. आमचं वावर त्याच खाणीत गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात ही नोकरी मिळाली होती. म्हणजे इतकी वर्षं मी आपल्याच वावराच्या पोटात उतरत होतो आणि वर येत होतो. आता बोर्ड मला फिट म्हणतं की अनफिट, एवढंच काय ते बाकी होतं. फिट म्हटलं तर पुन्हा शिडी चढून केबिनमध्ये जायचं, अनफिट म्हटलं तर कुठल्यातरी गेटवर खुर्ची टाकून बसायचं. त्या खुर्चीची मला आतून भीती वाटत होती.

घरी थांबणं माझ्या स्वभावातच नाही. मी अंगणातून स्वयंपाकघरात जायचो, स्वयंपाकघरातून परत अंगणात. पंखा बंद करायचो, चालू करायचो. भाजीत मीठ जास्त आहे म्हणायचो, आणि नसलं तरी म्हणायचो. बायको एकदा म्हणाली, "अजी, तुम्ही कामावर होते तवा बरं होतं. आता मले दिवसभर तुमची ड्यूटी करा लागते." मी चिडून मोटरसायकल काढली आणि सवयीने तीनदा हॉर्न वाजवला.

हा हॉर्न आमच्या कॉलनीत चेष्टेचा विषय होता. खाणीत नियम आहे. एकदा वाजवला की गाडी सुरू होते आहे, दोनदा वाजवला की पुढे निघाली, तीनदा वाजवला की मागे येते आहे. एवढ्या उंचीवरून मागचा माणूस दिसतच नाही. त्यामुळे कोळसा टाकायच्या जागी उभा असलेला गडी ओरडून सांगतो, "येऊ दे, मांगं कोणी नाई!" तेव्हा कुठे गाडी मागे घ्यायची. हा नियम हाडात मुरतो. दारातून मोटरसायकल मागे ओढतानाही माझा अंगठा हॉर्नवर जातो. बायको लाजून दाराआड व्हायची आणि शेजारणी हसायच्या.

माझी ही तऱ्हा पाहून साळ्याने पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत जुन्या विलायती स्पोर्ट्‌सकारच्या मॉडेलचे सुटे भाग होते, जोडून गाडी करायची. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, वीतभर लांबीची, दोन माणसांची, वरून उघडी गाडी. बाहेरचा साचा देखणा होता. आत पाहिलं तर माझं डोकंच फिरलं. डॅशबोर्डच्या जागी एक सपाट काळी पट्टी, घड्याळांच्या जागी चार फुगवटे, सीट म्हणजे नुसते दोन चौकोनी ठोकळे. गाडीला टप नाही, म्हणजे सगळं आतलंच दिसणार, आणि आत हा असा भुसा! मी ती पट्टी कटरने कापून फेकून दिली आणि ठरवलं की आतलं सगळं आपल्या हाताने करायचं. झेरॉक्सच्या दुकानातून खऱ्या गाडीच्या आतल्या बाजूचा फोटो छापून आणला आणि खिडकीच्या गजाला चिकटवला.

बसायची मनाई होती म्हणून मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राहून काम करायचो. अर्धा ओटा माझा, अर्धा तिचा. डॅशबोर्डला जाड, गुळगुळीत पुठ्ठा हवा होता. तो एका लग्नपत्रिकेत सापडला. घड्याळांच्या तबकड्या फोटोतून बारीक छापून घेतल्या, त्यांच्यावर बायकोच्या बिनरंगी नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडला, तर काच बसवल्यासारखी चमक आली. त्यांच्या कडांना जळालेल्या पंख्याच्या मोटरमधली तांब्याची तार वळवून घातली. सीटचं कातडं बायकोच्या जुन्या पर्सच्या अस्तरातून निघालं. स्टेरिंगची कडा फोटोत लाकडाची होती. त्यासाठी बांबूची केसासारखी कामटी सोलून भिजवली, पेनाच्या टोपणाभोवती वळवली आणि दोऱ्याने बांधून वाळत ठेवली. पहिल्या चार मोडल्या. पाचवी टिकली, तेव्हा मी ओट्यावर अशी थाप मारली की तिच्या कुकरची शिट्टी खाली पडली.

"अजी, हे काय कापून राह्यले?" तिने एकदा पुठ्ठ्याचे तुकडे उचलून पाहिले. "हे तर माह्या मावसबहिणीच्या पोरीचं लगन आहे. होऊन नाई गेलं अजून! आता तारीख कुठी पाहू?"

तारीख डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला गेली होती. ती आम्ही फोन करून विचारून घेतली.

दुपारी खाणीतला भोंगा वाजला की मी कटर खाली ठेवायचो. मग ब्लास्टिंग व्हायचं. खिडक्यांची तावदानं थरथरायची, ओट्यावरच्या तबकड्या जागच्या हलायच्या. बाकीचे लोक कॉलनीला पडलेल्या भेगा मोजत बसायचे आणि मी मनात खाली खाणीत जायचो. आता धूळ बसली असेल, आता कोळसा भरायचं शॉवेल मशीन हललं असेल, आता डंपर रांगेत लागले असतील. माझ्या डंपरवर कोण बसलं असेल? हा प्रश्न आला की पुढचा तासभर हाताला काम सुधरायचं नाही. तुकडे उलटे चिकटायचे, बोटं गोंदाने चिकटायची, आणि राग निघायचा तो बायकोवर.

माझ्याच डंपरवर दुसऱ्या पाळीत असलेला सोबती अधूनमधून भेटायला यायचा. तो खाणीच्या बातम्या आणायचा आणि त्या ऐकून मी आणखीच तळमळायचो. "भाऊ, तुमच्या जागी नवीन पोट्टा आला. ब्रेक असा दाबते का पोटातलं पाणी हालते," तो सांगायचा. डॅशबोर्ड बसवून झाला त्या दिवशी तो आला. वीतभर गाडी त्याच्या हातात दिली. त्याने एक डोळा मिटून आत पाहिलं. सीट, तबकड्या, बांबूचं स्टेरिंग. "वा भाऊ! आत बसून गेल्यावानी वाटते," म्हणाला आणि हवेतच दोन्ही हातांनी स्टेरिंग फिरवून दाखवलं. मी खूश झालो. किती दिवसांनी खूश झालो होतो.

बायको चहा घेऊन आली. तिने गाडी पाहिली, मग गजावरचा फोटो पाहिला, परत गाडी पाहिली.

"स्टेरिंग इकडे कसं?" ती म्हणाली. "फोटोत तर उजवीकडे आहे."

आम्ही दोघांनीही फोटो पाहिला. होतं खरं. विलायतची गाडी, आपल्यासारखीच, स्टेरिंग उजवीकडे. आणि मी तबकड्यांसकट सगळा डॅशबोर्ड डावीकडचा केला होता. आमच्या डंपरची केबिन डाव्या अंगाला असते. इतकी वर्षं डावीकडे बसलो. फोटो रोज समोर होता, तरी हाताने आपल्याच जागेवर स्टेरिंग लावलं. आणि त्याच डंपरवरच्या सोबत्यालाही त्यात काही चुकलेलं दिसलं नाही.

"दोघंही सारखेच येडे," बायको हसत म्हणाली. सोबतीही हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, "उद्या उपटून टाकतो सगळं." आवाज चढला होता. सोबती चहा अर्धा ठेवूनच उठला.

दुसऱ्या दिवशी मी उपटलं नाही. मी मनाशी एक करार केला. बोर्डाने फिट म्हटलं तर स्टेरिंग डावीकडेच राहील, माझ्या डंपरसारखं. अनफिट म्हटलं तर सगळं काढून उजवीकडे लावायचं, चारचौघांसारखं. हा पोरकटपणा आहे हे मलाही कळत होतं. बायकोला सांगितलं तर ती हसली नाही. "बरं," एवढंच म्हणाली, आणि आपल्या बाजूचा ओटा पुसत राहिली.

बोर्डाने मला वाकवलं, पाय उचलायला लावले, जुने एक्स-रे उजेडावर धरले. साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, "गेटवर घेऊ तुम्हाला. आराम राहील." आराम! मी हो म्हटलं, सही केली आणि बसने घरी आलो. वाटेत खाणीचा रस्ता लागला. खाली डंपर खेळण्यांएवढे दिसत होते. मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

घरी आल्यावर पट्टाही न सोडता कटर हातात घेतला. टोक डॅशबोर्डच्या कडेखाली घातलं. मी चिकटवलेलंच होतं, पक्कं होतं. जरा जोर दिला असता तर निघालं असतं. मला तो जोर देता आला नाही. कटर ओट्यावर टाकला आणि उभ्याउभ्या रडलो. बायकोने गॅस बंद केला, पण जवळ आली नाही. अशा वेळी ती जवळ आलेली मला आवडत नाही हे तिला ठाऊक आहे.

तोंड धुऊन मी गाडी बैठकीतल्या शोकेसवर नेऊन ठेवली. नीट न बघताच ठेवली, त्यामुळे अगदी कडेला ठेवली गेली. बायको मागून आली.

"पडन ना ते," म्हणाली आणि गाडी मागे सरकवायला तिने बॉनेटवर बोट ठेवलं. मग थांबली. माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाली, "पों. पों. पों."

आणि बोट तसंच ठेवून ती वाट पाहत राहिली. तिने घाई केली नाही.

"येऊ दे," मी म्हटलं. "मांगं कोणी नाई."

मग तिने गाडी हळूहळू भिंतीला टेकेपर्यंत मागे घेतली.