शेवंताचं शेवटचं कडवं

“माझं कडवं कुठं गेलं गं?” शेवंतानं मला भर मंडपात विचारलं. वर भोंग्यावर तिचंच गाणं वाजत होतं. मी म्हणाले, “मास्तरांनी काढलं. मोठी माणसं, आपण काय बोलणार त्यांना?”

खोटं. मास्तरांनी काही काढलं नव्हतं. कडवं मी काढलं होतं. पस्तीस वर्षं झाली — नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आता माझा मलाच संताप आलाय.

मास्तर म्हणजे घाटकोपरच्या आमच्या वस्तीतले गायक. स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायचे, स्वतः गायचे. मी त्यांच्या कोरसमध्ये मागे उभी राहून टाळ्या वाजवायचे. आजही मला त्यांच्यासारखा गळा दुसऱ्या कुणाचा वाटत नाही. हल्ली मशीनवर ढोलकी वाजवून त्यांचीच गाणी नवी म्हणून विकतात, ती ऐकली की मी मोबाइल उलटा ठेवते.

शेवंता माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या खोलीत एक पत्रा. ती शाळेत कधी गेलीच नाही; मी चौथी शिकले. ती भांडी घासता घासता गाणी रचायची, मी वहीत उतरवून घ्यायचे. आणि आमच्याकडे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं. तीच त्याची सही. लेकीच्या शाळेच्या पाटीवर शेवंतानं एक गाणं केलं होतं, त्याचा शेवट असा —

शेवंता सांगे, पुसू नका गं पाटी,
लेकीचं माझ्या अक्षर अजून ओलं.

दोनच ओळी. जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्या बाईच्या. मी त्या लिहून घेतल्या आणि मला झोंबलं. लिहायचं मी, वही माझी, मास्तरांकडे घेऊन जाणार मी — आणि नाव हिचं? मला जन्मात एक ओळ जुळली नाही, हे मात्र मी कुणाला सांगणार होते?

ते शेवटाचं पान फाडलं मी. स्टोव्हवर धरलं.

मास्तरांनी वही वाचली आणि चष्मा काढला. म्हणाले, “शेवट कुठाय याचा? कुणाचं आहे?”

“जुनं आहे. बायका म्हणतात.”

“नक्की ना? कुणाचं असेल तर सांग, त्याचं नाव घालू.”

दोनदा विचारलं हो त्या माणसानं. मी म्हणाले, “कुणाचं नाही.” बिननावाच्या गाण्याला गाणारा आपल्या नावाचं कडवं जोडतो, ही रीतच आहे. त्यांनी जोडलं. कॅसेट निघाली, गाणं घरोघरी गेलं, आणि मग जयंतीचा तो मंडप.

त्या दिवसानंतर शेवंतानं एकही गाणं केलं नाही. मी वही घेऊन जायचे — हो, एवढी निर्लज्ज मी! — तर म्हणायची, “कशाला? त्या चोराच्या घशात घालायला?” आणि मला चहा द्यायची. मी प्यायचे. ‘चोर नाही गं तो,’ एवढं म्हणायला काय लागत होतं? तोंड होतं ना मला? नळावर भांडताना तर सगळी गल्ली ऐकायची.

पुढे रस्त्यासाठी आमच्या ओळीतली काही घरं पाडली. तिचं गेलं, माझं राहिलं.

हे सगळं पुन्हा निघालं ते प्रज्ञामुळे. प्रज्ञा माझी नात. एके दिवशी म्हणाली, “आजी, तुझ्या मास्तरांचं सारखं काय शोधायला लावतेस? बेस्ट वीस सांग, एकच प्लेलिस्ट करून टाकते.” दोन दिवस आम्ही भांडलो. तिला नाचायची गाणी हवी होती, मला मास्तरांचा गळा जिथं फाटतो ती. गिरणी बंद पडल्याचं घातलं, बहिणीला आणायला गेलेल्या भावाचं घातलं. एकोणीस झाली.

“आणि पाटीचं? आजी, सगळ्यात जास्त तेच ऐकतात लोक!”

“ते नको.”

“ठार वेडी आहेस का गं तू?” म्हणाली आणि घातलं तिनं. विसावं.

पुढच्या आठवड्यात एका बारशाला शेवंता भेटली. प्रज्ञानं कौतुकानं तिला यादी दाखवली, गाणं लावलं. शेवंता म्हणाली, “बंद कर. माझं गाणं आहे ते. चोरलं त्यानं. विचार तुझ्या आजीला, ती साक्षीला आहे.”

साक्षीला!

प्रज्ञा माझ्याकडे वळली. “खरंय?”

मी म्हणाले, “हो.”

ऐकलंत? पुन्हा ‘हो’ म्हणाले मी. म्हातारी झाले, दात गेले, आणि जीभ तशीच वळवळते. रिक्षात बसल्या बसल्या प्रज्ञानं पूर्ण यादी उडवली. “चोराची गाणी ऐकतेस, लाज नाही वाटत?” म्हणाली. मग मोबाइलवर त्या गाण्याखाली तिनं लिहिलं की हा माणूस चोर होता, एका अडाणी बाईचं गाणं त्यानं ढापलं, आणि माझी आजी याची साक्षीदार आहे. भराभर लोक लिहायला लागले. जे कधी घाटकोपरला आले नाहीत, ज्यांनी मास्तरांना पाहिलं नाही, ते त्यांना आईवरून शिव्या घालतायत. ती रोज मला वाचून दाखवते — खूश होऊन, मला बरं वाटेल म्हणून. मला प्रज्ञाचा राग येतो, त्या लोकांचा येतो. माझ्यावर कुणीच कसं ओरडत नाही याचाही येतो. पण त्यांना काय माहीत? मी सांगितलं काय, तर नुसतं ‘हो’.

मास्तर आता उत्तर द्यायला नाहीत. त्यांनी चोरी केली नाही. पान मी फाडलं, त्यांच्याशी खोटं मी बोलले, शेवंताशी मी बोलले, आणि परवा नातीशीही. हे सगळं लिहिलेला हा कागद प्रज्ञाला देणार आहे. तिनं तो कुठं लावायचा ते तिनं ठरवावं.

शेवंता हयात आहे. माहुलला, घर पाडलेल्यांना दिलेल्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर राहते. तिथल्या बायका तिला सोनूची आई म्हणतात. तिनं कधी गाणी केली होती, हे त्या इमारतीत कुणाला माहीत नाही.