निळ्यापांढऱ्याचं स्थळ

न्यूझीलंडातल्या तमाम मराठी माणसांत एका चिमणीएवढ्या करड्या पक्ष्याचं लग्न जमावं म्हणून जिवाचं रान केलेला माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने सांगतो की तक्रारीने, ते माझं मलाही नक्की कळत नाही.

साडू टौरंगात राहतात. मूळचे पुण्याचे. किवीफ्रूटच्या एका पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर सांभाळतात, असं त्यांच्या कार्डावर लिहिलंय; पण शनिवार-रविवारी त्यांना सॉफ्टवेअरबद्दल विचारलं तर परक्या माणसाचा विषय निघाल्यासारखे बघतात. त्यांच्या घरामागे एक छोटंसं रान आहे. तिथे रॉबिन नावाचे ते करडे पक्षी मोजणाऱ्या, उंदरांचे सापळे लावणाऱ्या हौशी मंडळींत ते पहिल्याच वर्षी शिरले आणि मग घर त्यांना पारखं झालं. रॉबिनच्या पायांत ओळखीसाठी रंगीत कडी असतात, त्यांवरूनच साडू पक्ष्यांची नावं ठेवतात. माझ्या मुलाला त्यांनी दोन वर्षं ‘अरे, हा, तू’ अशीच हाक मारली, पण कुठला पक्षी कुणाचा कोण हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. एकदा आम्ही आमच्या हेन्डरसनहून तीन तास गाडी हाकत त्यांच्याकडे जेवायला गेलो. मेव्हणी पुऱ्या तळत होती, मी आपणहून फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा काढून उघडला, तर आत अळ्या वळवळत होत्या. “झाकण लाव, झाकण लाव! गार राहायला हव्यात!” साडू ओरडले. रॉबिनचा खाऊ होता तो. श्रीखंड दुसऱ्या डब्यात होतं. मी त्या दिवशी नुसत्या पुऱ्या खाल्ल्या.

त्या रानात सुरुवातीला सहा रॉबिन होते. मग चार झाले, मग दोन, आणि शेवटी निळ्या-पांढऱ्या कड्यांचा एक नर तेवढा उरला. मी म्हटलं, “उंदरांनी खाल्ले असतील.” साडूंनी मान हलवली. “उंदीर आहेतच. पण पूर्वीही होते. पूर्वी इथले मेले तरी पलीकडच्या डोंगरावरच्या मोठ्या रानातून नवे यायचे. तिथे पिल्लं भरपूर, जागा अपुरी, म्हणून तरणी पाखरं बाहेर पडतात. आपलं हे रान इथल्या जन्मांवर चाललंच नव्हतं रे, येणाऱ्यांवर चाललं होतं.” आणि येणारे थांबले होते, कारण मधल्या बागांची वाऱ्याला अडवणारी उंच झाडांची रांग कुणीतरी तोडली होती. आता मध्ये नुसतं कुरण. रॉबिन झाडाझुडपांतून माणसाच्या बुटाशी येऊन उभा राहील इतका धीट, पण उघड्या गवतावरून जायचं म्हटलं की कडेला येऊन परत फिरतो.

निळापांढरा मात्र वसंत आला की पहाटेपासून गायला लागायचा. जोडी नसलेला नर जास्त गातो, असं साडूंनी मला सांगितलं आणि चष्मा पुसायला घेतला. मी सुचवलं, “पिंजऱ्यातून एखादी मादी आणून सोडा ना!” ते म्हणाले, “परवानग्या लागतात. शिवाय एक आणली तर एकच येते. वाट असली की येत राहतात.” मेव्हणी आतून म्हणाली, “सख्ख्या भाच्यासाठी कधी एक स्थळ पाहिलं नाहीत हो तुम्ही!”

कुरणाचा मालक सत्तरीचा गोरा शेतकरी होता. कुरणातून झाडांची एक पट्टी लावू द्या म्हणायला साडू सलग चार शनिवार चकल्यांचा डबा घेऊन त्याच्या दारात गेले. चौथ्या शनिवारी मीही सोबत होतो. म्हातारा चकली मोडत म्हणाला, “मेट, तुझ्या पाखरासाठी माझ्या गायींनी उपास करायचा?” साडूंनी शांतपणे नकाशा पसरला. “गायींना नको असलेली जागा द्या. ओढ्याकाठी त्या चिखलात रुततात, मी पाहिलंय.” म्हाताऱ्याने नकाशावरच्या ओढ्यावरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, “ओढ्याची पट्टी घे. पण कुंपण तू घालायचंस.” “स्वीट ॲज!” हे इथलं ‘झकास!’ साडू अस्सल सदाशिवपेठी उच्चारात म्हणाले, आणि म्हातारा पहिल्यांदा हसला.

मग साडूंनी कुणालाच सोडलं नाही. गणपतीला आलेल्या पाहुण्यांच्या हातात प्रसादाबरोबर मानुका या इथल्या झाडाचं रोप आणि कुदळ आली. मी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गेलो होतो. त्यातली एक अजून त्या ओढ्याच्या चिखलात आहे. तीन वर्षं आम्ही रोपं लावली, गवत उपटलं, मेलेली रोपं पुन्हा लावली. मानुका डोक्याच्या वर गेली. तिसऱ्या हिवाळ्यात निळापांढरा दिसेनासा झाला. साडू महिनाभर रोज अळ्यांचा डबा घेऊन जात आणि तसाच भरलेला परत आणत. मेव्हणीने फोनवर सांगितलं, “बोलत नाहीत रे फारसे. तू ये.”

मी जाईपर्यंत वसंत लागला होता. जायच्या दिवशी ऑफिसातून निघतानाच साडूंचा फोन आला. “आली.” “कोण?” “मादी. हिरव्या-लाल कड्यांची. डोंगरावरची आहे, ओढ्याच्या पट्टीतून आली.” आवाज लहान मुलासारखा झाला होता. दोन आठवड्यांनी त्याच वाटेने एक बिनकड्यांचा नर आला, आणि नाताळच्या सुमारास साडूंनी मला रानात नेऊन घरटं दाखवलं. दोन पिल्लं चोची वासून बसली होती. म्हातारा शेतकरीही आला होता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, आणि पलीकडच्या कुंपणालगतही झाडं लावायला हरकत नाही म्हणाला.

परतताना आम्ही ओढ्याकाठी बसलो. साडूंनी थर्मासमधून चहा ओतला, पण पिला नाही. “सगळं ठरवलं तसंच झालं,” ते म्हणाले. “फक्त निळ्यापांढऱ्याने चार महिने थांबायला हवं होतं.”

मी उठलो आणि जवळच्या रोपाभोवतीचं गवत उपटायला लागलो. थोड्या वेळाने तेही पलीकडच्या रोपापाशी येऊन बसले.