प्लेटवरचा डाग

प्लेट अजून ओली होती. मी ती क्लिपला धरून उजेडाच्या पेटीवर लावली आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी थांबलो. तिथे कापसाच्या बोंडाएवढा धूसर डाग होता.

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात असेल. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे विभाग सांभाळत होतो. बाहेर बाकावर नलिनी आणि तिचे वडील रामरावजी बसले होते. रामरावजींची अकोटकडे शेती. नलिनी अमरावतीहून इंटर झालेली. तिला अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी प्रवेश दिला होता. दोन्ही कॉलेजांना छातीच्या तपासणीचा रिपोर्ट हवा होता, म्हणून ती आली होती. तिला वाटत होतं, सही होईल आणि काम संपेल.

मी दोघांना आत बोलावलं. नलिनीनेच आधी विचारलं, "डॉक्टर, एक कॉलेज खूप थंडीच्या भागात आहे. लहान आहे, फक्त मुलींचं. दुसरं समुद्राकाठी, मोठ्या नावाचं. तब्येतीच्या दृष्टीने कुठलं घेऊ?"

"तुला स्वतःला कुठलं हवंय?"

"तेच ठरत नाही. दोन्ही लिबरल आर्ट्स कॉलेजं आहेत. म्हणजे तिथे वनस्पतिशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकता येतं. इथे म्हणतात, आर्ट्स घे नाहीतर सायन्स घे."

मी म्हणालो, "कॉलेज नंतर ठरवू. आधी थुंकी तपासावी लागेल."

थुंकीचं नाव निघताच रामरावजींना कळलं. "टीबी काय साहेब?"

"शंका आहे."

तपासणीत जंतू सापडले. शंका उरली नाही.

दुसऱ्या खेपेला रामरावजी एकटे आले. दार लोटून घेतलं. "साहेब, पोरगी दवा घेईन. पन कागदावर टीबी लिवू नोका. उद्या लग्नाची गोष्ट निघन, तवा तिले कोन करीन? दुसऱ्या कोनाची चांगली प्लेट लावून देता येत नाई काय?"

मी त्यांना सिव्हिल सर्जनकडे, म्हणजे माझ्या साहेबांकडे नेलं. साहेब फटकळ होते. "मुंबईला अमेरिकेच्या व्हिसासाठी त्यांचे डॉक्टर पुन्हा प्लेट काढतात. तिथे चोरी पकडली जाईल. आणि नाही पकडली, तर ती तिकडे परक्या मुलखात रक्त ओकेल. चालेल?"

रामरावजींनी मान खाली घातली. टोपी चढवून ते बाहेर पडले.

दोन्ही कॉलेजांना खरं कळवायचं नलिनीनेच ठरवलं. बापाला म्हणाली, "बाबा, खोटं सांगून गेली तर चार वर्स भ्याव वाटत राहीन मले."

मोठ्या कॉलेजने सहानुभूती कळवून प्रवेश रद्द केला. लहान कॉलेजच्या डीनबाईंनी लिहिलं, एक वर्ष जागा राखून ठेवतो, बरी होऊन ये. आमच्याकडे मुलींसाठी वेगळी आजारखोली आणि नर्स आहे. नलिनी मला म्हणाली, "बघा डॉक्टर, आता निवडायचं काही राहिलंच नाही." आजार कळल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

उपचार तोवर सुरू झालेच होते. इंजेक्शनांनी तिचे कान वाजायचे. एका औषधाच्या पुड्या इतक्या घाण की घेतल्यावर ओकारी यायची. तरी तिने एकही चुकवली नाही. अकोटहून एसटीने यायची, प्लेट काढायची, परत जायची. थुंकीतले जंतू गेले. डाग प्रत्येक प्लेटवर आधीपेक्षा लहान दिसू लागला. शेवटी बारीक पांढरी रेघ उरली. त्याला आम्ही व्रण म्हणतो. जखम भरल्यावर कातडीवर खूण राहते, तसंच.

मी साऱ्या प्लेटा क्रमाने लावून, सोबत रिपोर्ट देऊन बापलेकीला मुंबईला पाठवलं. व्हिसाच्या डॉक्टरांनी त्या नीट पाहिल्या आणि नकार दिला. त्यांचा नियम होता की आजार थांबला म्हणायला ओळीने बऱ्याच काळाच्या प्लेटा अगदी सारख्या दिसायला हव्यात. नलिनीच्या प्लेटा सारख्या नव्हत्या, कारण ती सुधारत होती. आणखी वर्षभर थांबा, म्हणाले. मी ट्रंक कॉल लावून त्यांच्याशी बोललो. ते सभ्यपणे बोलले, पण नियम बदलला नाही. डीनबाईंनाही दुसऱ्या वर्षी जागा अडवून ठेवता आली नाही.

मुंबईहून परतल्यावर ती मला भेटायला आली.

"डॉक्टर, मी बरी आहे ना?"

"पूर्ण बरी आहेस."

"मग हे त्यांना का नाही दिसलं?"

"ते प्लेट बघतात."

"आणि तुम्ही?"

तिच्या प्लेटा पाकिटात घालून मी तिच्या हातात दिल्या. रामरावजी दाराशी उभे होते. म्हणाले, "चाल बाई, गाडी सुटन."

पुढे ती अकोटच्या शाळेत लागली. वनस्पतिशास्त्राचे धडे शिकवायची. तत्त्वज्ञानाला शाळेत तास नव्हता. लग्नाची बोलणी दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा आजाराचं कळल्यावर थांबली. तिसऱ्यांदा तिनेच नको म्हटलं.

आता परदेशी शिकायला निघालेली मुलं माझ्याकडे सल्ला मागायला येतात. कुठलं कॉलेज चांगलं, हे मला कळत नाही. मी त्यांना एवढंच सांगतो, अर्ज करण्याच्या वर्षभर आधी छातीची प्लेट काढा. आणि कॉलेजला पत्र लिहाल तेव्हा विचारा, आम्ही आजारी पडलो तर तुम्ही काय करता.