सही होईपर्यंत

"प्रॉबेबली," म्हणायचं आणि चष्मा कपाळावर ढकलायचा, ही त्यांची सवय. मुलुंडच्या आमच्या लॅबमधले ते सर्वांत जुने टेक्निशियन; मी खाली काउंटरवर. रिपोर्ट पाचला मिळेल का? प्रॉबेबली. चहा सांगू का? प्रॉबेबली. एकदा त्यांचा स्वतःचा रक्तगट विचारला, तर म्हणाले, "बी पॉझिटिव्ह. प्रॉबेबली."

"काका, पेशंट वैतागतात. सरळ 'नक्की' म्हणा ना."

"डॉक्टरांची सही झाली?"

"अजून नाही."

"मग नक्की कसं म्हणू गो बाय?"

स्वतःला कशातच अडकवून न घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी त्यांना त्यातलेच समजत होते.

मग माझ्याच छातीत गाठ निघाली. सुईने काढलेला नमुना आमच्याच लॅबमध्ये दिला. स्लाईड त्यांनी बनवली आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलीही. मी दारात उभी होते.

"काय दिसतंय?"

"प्रॉबेबली काही नाही."

"इतकी वर्षं स्लाईडी बघताय. माझ्याशी तरी सरळ बोला."

"तुझ्याशी तर अजिबात नाही. मी आज नक्की म्हणणार, उद्या डॉक्टर वेगळं सांगणार. मग तू काय करशील?"

मी चिडून डबा तसाच घरी नेला. नवऱ्याला काही सांगितलं नाही. कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरपुढे रांग होती. रिपोर्ट रोज शिपाई आणतो. त्या दिवशी ते स्वतः जिना उतरून आले. कागद माझ्यापुढे ठेवला, आधी सहीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "साधी गाठ आहे. डेफिनेटली."

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पुढच्या आजोबांना मी त्यांचं नाव तीनदा विचारलं.

ते निवृत्त होऊन मालवणकडे गावी गेले. निरोपाच्या दिवशी मी विचारलं, "येत राहाल ना?" उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षांत एकदाही आले नाहीत, आणि मला तक्रार करायला जागा नाही.

गेल्या आठवड्यात माझी दरवर्षीची तपासणी झाली. रिपोर्ट हातात आल्यावर त्यांना फोन लावला.

"काका, सगळं ठीक आहे."

"सही झाली?"

"झाली. समोरच आहे."

"बरां झालां," म्हणाले, आणि फोन ठेवला.