अंथरलेले दगड

आमच्या कॉलेजात सेवा शिबिर केल्याशिवाय बारावीचा दाखला मिळत नसे. त्या वर्षी शिबिर नेमकं वांगणीत, माझ्याच गावात लागलं. मी जाम भाव खाल्ला. जव्हारच्या मैत्रिणींना सगळं गाव हिंडवून आणलं. मग आम्ही रस्ता करायला घेतला. पावसात वाहून गेलेल्या उतारावर मोठाले दगड अंथरायचे, वर मुरूम टाकायचा. दगड अंथरून झाले. मुरूम उद्या, सर म्हणाले. दगडांवर उभं राहून आम्ही फोटोही काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरून निरोप आला. वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. मी धावत गेले. सुईण आजी हात पुसत बाहेर आली.

"पोर आडवा हाय," ती म्हणाली. "माझ्या हातातला काम नाय. जीप बोलवा."

दादानं जीप बोलावली. ती आली, पण उताराच्या पलीकडेच थांबली. ड्रायव्हर उतरून आमच्या कामाकडे बघत राहिला. "कुनी केला ह्या?"

एरवी खड्ड्यांतून आदळत का होईना, गाडी दारापर्यंत यायची. रस्ता करता करता आम्ही होती तीही वाट बंद केली होती. झोळीतून न्यावं, तर त्या सुट्या दगडांवर रिकाम्या हातानं चालणाऱ्याचाही पाय मुरगळत होता. तिला पाडलं असतं तर?

शिबिरातली सगळी पोरं धावली. काल हौसेनं लावलेले दगड आम्ही मिळेल तसे कडेला ढकलले. घरातून वहिनीचं ओरडणं ऐकू येत होतं. मग ते ऐकू येईना, तशी मी आणखी जोरानं दगड ढकलू लागले.

वहिनीला घेऊन जीप गेली. दादाही गेला. सर म्हणाले, "चला, लावून घेऊ पुन्हा. काम अर्धवट राहिलं तर दाखले अडतील."

मी रस्त्याच्या मधोमध बसले. "ती परत येईपर्यंत एक दगड लावायचा नाही, सर." सरांना उलट बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. सरांनी उचललेला दगड खाली ठेवला. पोरंही कडेला टेकली.

दवाखान्यात गेलेली जीप लगेच परतली की आमच्याकडे बायका पदर तोंडाला लावतात. जिवंत माणसाला दवाखाना ठेवून घेतो, मेलेल्याला लगेच घरी धाडतो. त्यामुळे मी वळणाकडे कान लावून बसले होते, गाडीचा आवाज येऊ नये असं मनात घोकत.

आवाज दुपारीच आला.

मागच्या सीटवर कोणाला आडवं निजवलंय का, ते बघायची माझी छाती होईना. मी मान खाली घालून बसून राहिले. जीप माझ्यापाशी थांबली.

"उठ पोरी," ड्रायव्हर म्हणाला. "वहिनी बरी हाय तुझी. पोरगी झाली. तिला गुंडाळाया जुना लुगडा मागितलाय, दे लवकर."

मी उठले आणि घराकडे जायचं सोडून मागची रिकामी सीटच बघत राहिले. शेवटी लुगडं आणायला आमच्या घराकडे सरच पळत गेले.