मुनींच्या चेहऱ्यावरची बोटं

प्रियंका कांबळेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या जैन मंदिरात जमिनीवर पालथी पडून फोटो काढत होती, आणि भाऊसो मगदूम तिच्या डोक्याशी उभे राहून "जपून गं, जपून" असा जप करत होते. भाऊसो म्हणजे मंदिरातल्या पोथ्यांच्या कपाटाचे मालक. खरं तर मालकी मंदिराची, पण किल्ली यांच्या कंबरेला, आणि आमच्या सांगलीत किल्ली ज्याची कपाट त्याचं. मी त्या पोथ्यांना गुंडाळायची कापडं शिवते, म्हणून माझी तिथे येजा.

पोरगी साताऱ्याची. वडील जालिंदर कांबळे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची घरात एकच शिस्त: चुकलात तर ताठ उभं राहून कबूल करा, आणि बरोबर असाल तर पाऊल मागे घेऊ नका. पोरीने दुसरा भाग जरा जास्तच मनावर घेतला होता. पुण्यात ॲनिमेशन शिकली, मग एका कंपनीत टूथपेस्टच्या जाहिरातीतले जंतू नाचवायचं काम केलं. "काकी, जंतू नाचवून नाचवून कंटाळले," ती मला सांगायची, "म्हटलं, आता जरा माणसं हलवावीत." तेवढ्यात चित्रांच्या जुन्या पोथ्यांचे फोटो काढणाऱ्या एका गटाबरोबर ती सांगलीला आली. बाकीचे फोटो घेऊन परत गेले. ही राहिली.

राहिली ती आमच्या एका पोथीपायी. सुट्या, आडव्या पानांची, पाचेकशे वर्षांपूर्वीची पोथी. त्यात कमलश्री नावाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीची गोष्ट. चित्रांतल्या माणसांची नाकं टोकदार, पलीकडचा डोळा गालाबाहेर हवेत, आणि लाल रंग अजून नव्या लुगड्यासारखा. प्रियंका काय करायची, तर पानाची छापील प्रत पुढे ठेवायची आणि तिच्यावर टॅब धरायची. की पडद्यावर चित्र पानातून उठायचं. झाडं डोलायची, हरीण मान वळवायचं, कमलश्री वाकून मुनींना नमस्कार करायची. मुनींच्या हातातली मोरपिसांची पिंछी हलली तेव्हा भाऊसोंनी टॅबच्या मागे डोकावून पाहिलं. मी तिथे हसले नाही. घरी येऊन पोटभर हसले.

पण त्या चित्रात मुनींना चेहराच नव्हता. नुसता पिवळट डाग. आम्ही समजायचो, कसर लागली असेल. प्रियंकाने आधी दुसऱ्या पानावरच्या राजाचा चेहरा उचलून मुनींना लावला.

"अगं, मुनीम्हाराजांच्या कानात कुंडलं?" भाऊसो ओरडले.

पोरीने ताठ उभं राहून चूक कबूल केली आणि चेहरा काढून टाकला. मग तो डाग पडद्यावर मोठा मोठा करून पाहत बसली. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या विश्वस्तांपुढे उभी राहून म्हणाली, "हे कसरीनं खाल्लेलं नाही. हे गंध आहे. थरावर थर."

आमच्याकडे ज्येष्ठात श्रुतपंचमीला, म्हणजे ग्रंथांच्या सणाला, पोथ्या बाहेर काढतात, नवी कापडं घालतात, पूजा करतात. आणि या एका पानावर बायकांनी मुनींना गंधाचं बोट टेकवायचं, ही आमच्या मंदिराची रीत. बोट उचललं की त्याबरोबर रंगाचा एखादा कण येणारच. पिढ्यान्‌पिढ्या नमस्कार करकरून आम्हीच त्यांचा चेहरा पुसला होता. आणि मुनी संपल्यावर बोटं शेजारच्या कमलश्रीकडे सरकली होती. तिचा एक गाल गेलाच होता.

"म्हंजे आमच्या आयाबायांनी नासधूस केली म्हणतीस व्हय?" भाऊसो कडाडले.

"नासधूस नाही म्हणत. मायाच केली. पण यंदाची पूजा झाली की कमलश्रीचे डोळे जाणार. ते मग कुणालाच परत आणता येणार नाहीत."

"बायका ऐकणार न्हाईत."

"ऐका म्हणतच नाही मी. बघू द्या त्यांना."

शेवटी ठरलं ते असं: चौरंगावर छापील प्रत आणि टॅब ठेवायचा, मूळ पान कपाटात. पण बायकांनी हट्ट धरला तर भाऊसो पान बाहेर आणणार, आणि प्रियंकाने हूं की चूं करायचं नाही. मला ही अट मुळीच पटली नाही. आमच्या बायकांना मी ओळखते. साडी घ्यायची नसली तरी चुरगाळून बघितल्याशिवाय त्या दुकानातून उठत नाहीत.

"हरशील पोरी," मी तिला जेवायला वाढताना म्हटलं.

"बघू की, काकी," म्हणाली, आणि आणखी एक पोळी मागून घेतली.

श्रुतपंचमीला रांग लागली. सगळ्यांत पुढे धोंडुबाई, ऐंशी ओलांडलेल्या, हातात गंधाची वाटी. त्या करतील तेच मागच्या साऱ्याजणी करणार, हे ठरलेलं. टॅबकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"भाऊसो, पान कुटं हाय?"

भाऊसोंचा हात किल्लीकडे गेला.

"आज्जी, आधी एवढं बघा," प्रियंका म्हणाली, आणि तिने टॅब त्यांच्यापुढे धरला.

मला वाटलं, हरीणबिरीण दाखवील. तिने वेगळंच काढून ठेवलं होतं. पडद्यावर मुनींना चेहरा होता. डागाच्या कडेला उरलेल्या रेघांवरून तो अंदाजाने काढलाय, असं तिने खाली स्पष्ट लिहिलंही होतं. मग एक बोट आलं, गंध टेकवून गेलं. दुसरं आलं. सुरकुतलेली बोटं, हिरव्या चुड्याचे हात, आईने धरून टेकवलेलं एक इवलंसं बोट. दर बोटागणिक चेहरा फिका होत गेला. ओठ गेले, नाक गेलं. बोटं येतच राहिली, आणि इतक्या मायेने येत होती की मला बघवेना. शेवटी नुसता डाग उरला. पुढचं बोट कमलश्रीच्या डोळ्यांकडे निघालं, आणि चित्र तिथेच थांबलं.

"परत लाव," धोंडुबाई म्हणाल्या.

तिने परत लावलं. इवलंसं बोट आलं तशा धोंडुबाई पडद्यावर वाकल्या.

"मला आईनं असंच कडंवर घेतलं हुतं," त्या म्हणाल्या. "तवा म्हाराजांचं डोळं दिसत हुतं. थोडं थोडं." मग त्या प्रियंकाकडे वळल्या. "कुणी सांगितलं न्हाई गं आमाला."

प्रियंकाने टॅब त्यांच्या आणखी जवळ धरला. माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसलं नाही.

धोंडुबाईंनी गंधात बोट बुडवलं. ते बघून मागच्या बायकांनीही आपापल्या वाट्यांत बोटं बुडवली. धोंडुबाईंचं बोट टॅबच्या काचेवर कमलश्रीच्या कपाळाशी आलं आणि अधांतरी थांबलं. मग ते मागे वळलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या कपाळाला लावलं. वाटी पदराने झाकून त्या रांगेकडे फिरल्या.

"जिनं तिनं आपापल्या कपाळाला लावा," त्या म्हणाल्या. "कमलश्रीचं डोळं ऱ्हाऊ द्या."