मेलेल्या पात्रांची वही

आमचा बाइंडर फासा कधी हाताआड टाकत नाही. तीस वर्षं दर रविवारी दुपारी त्याच्या पुस्तकबांधणीच्या दुकानातलं कागद कापायचं टेबल रिकामं होतं, खळीचा डबा खाली जातो आणि आम्ही खेळायला बसतो. बाइंडर गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात. काय करायचं ते आपण बोलायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. पात्र मेलं तर मेलं. त्याचा कागद बाइंडर काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत शिवून टाकतो. तिच्यात माझीच चौदा आहेत. आमच्यातल्या शिंप्याची एकवीस, पण तो खेळात दार दिसलं की लाथ मारतो, त्याला कोण काय करणार.

आमच्या पात्रांना नावंसुद्धा नसायची. नकाशा काढायचा, भिंती ठोकून बघायच्या, खजिना घेऊन जिवंत बाहेर पडायचं, संपलं.

गेल्या वर्षी खेळणाऱ्या चौघांतला एक वारला, एकाला मुलीने परगावी नेलं. "दोघांना कसली गोष्ट सांगू?" बाइंडर म्हणाला. त्याने फासे पुसून डबीत ठेवले.

मग त्याची कॉलेजातली नात आली. घंटा ओतणाऱ्या घरातली मुलगी हे तिचं पात्र. भावाशी अबोला, पाण्याची भीती, सगळं आठ पानं भरून.

शिंपी पानं चाळून म्हणाला, "एवढं तर माझ्या बायकोला माझ्याबद्दल माहीत नाही."

खेळात पूल लागला, पुलावर राक्षस. शिंप्याने लगेच तलवार काढली.

"थांबा हो आजोबा," नात म्हणाली. "तो इथे किती दिवस एकटा आहे, विचारू या."

तीस वर्षांत राक्षसाला कुणी काही विचारलं नव्हतं. मी हसलो. बाइंडर मात्र पेन्सिल ठेवून विचारात पडला आणि राक्षस होऊन बोलायला लागला. तासभर बोलला. हा माणूस इतकं बोलू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं.

राक्षस वाट सोडायला आला होता. फाशावर चाराच्या वर काहीही चाललं असतं. पडला एक. राक्षस बिथरला, मुलगी पुलावरून खाली नदीत.

शिंप्याने कोपराने टेबल ढकललं. "हललं बघ. परत टाक."

बाइंडरने माझ्याकडे पाहिलं. पोरगी रुसून गेली तर टेबल कायमचं बंद, हे त्यालाही कळत होतं. "पडला तो पडला," तो म्हणाला.

नातीचे डोळे भरले. मग तिने विचारलं, "वहीत शिवणार ना? आठही पानं?"

"आठही."

"मग थांबा. नववं राहिलंय."

पडताना भावाला काय हाक मारली ते तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. शिंपी बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "माझा तो लंगडा होता ना रे, तो कसा मेला?"

स्वतः शिवलेली वही बाइंडर कधी उसवत नाही. त्या दिवशी त्याने काळ्या वहीचा दोरा कापला, प्रत्येक मेलेल्यामागे कोरं पान घातलं आणि ती आमच्यापुढे सरकवली. गावच्या शाळेनंतर मी एवढं कधी लिहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी नवं पात्र घेऊन गेलो, अकरा पानांचं. नातीने चिठ्ठीएवढा कागद काढला. त्यावर एकच ओळ होती: नाव नंतर बघू, पोहता येतं.